मोसंबीची बाग आणि न मागितलेला स्टे

पत्र अंबड तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव छापू नका असं बजावलंय, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, मी मधलं बरंचसं गाळलंय.

"रामराम वकीलताई. मी 54 वर्षांचा शेतकरी. चुलतभावानं 2016 ला आमच्यावर दावा टाकला, का त्याच्या गटातली 32 गुंठे जमीन आम्ही दाबली. मोजणी त्याच्या बाजूनं निघाली. 18 जुलैला तालुक्याच्या कोर्टात निकाल लागला. 32 गुंठ्यांचा ताबा सोडा, आन मागच्या 3 वर्षांच्या उत्पन्नापोटी 2 लाख 40 हजार भरा. ताई, त्या 32 गुंठ्यात आमची विहीर हाय अन् मोसंबीची 85 झाडं. 2012 च्या दुष्काळात टँकर विकत घेऊन जगवलेली. बाकीची दोन एकर बागबी त्याच विहिरीवर. वकीलसाहेब म्हणले, जालन्याला अपील टाकलंय, बिनघोर राहा. आम्ही राहिलो. आन परवा दरखास्तीची नोटीस आली. मेव्हणा म्हणतो, बेलीफाला बांधावर पाय ठेवू देऊ नका. बायको म्हणते, कोर्टात पैसे भरले का हरल्यासारखंच हाय. माझा सवाल एकच. अपील चालू असताना कोर्ट ताबा कसा काय देऊ शकतं?"

भाऊ, रामराम.

देऊ शकतं. पत्र हाती पडलं त्याच दिवशी तुम्हाला फोन करून हे सांगितलं, पण फोनवर तुम्ही इतके घाबरले होते की निम्मं डोक्यात गेलं नसेल. म्हणून इथं सविस्तर लिहिते. हा घोळ तुमच्या एकट्याचा नाही. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत दर चार पक्षकारांमागं एक जण "अपील केलं म्हणजे निकाल थांबला" असं समजून घरी जाऊन झोपलेला मी पाहिलाय.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा 41 वा आदेश अपिलांचा. त्याच्या पाचव्या नियमाची सुरुवातच अशी आहे की नुसतं अपील केल्यानं हुकूमनाम्याची, म्हणजे निकालात दिलेल्या हुकमाची, अंमलबजावणी थांबत नाही. थांबवायची असेल तर अपिलासोबत वेगळा अर्ज द्यावा लागतो, कारणं दाखवावी लागतात आणि कोर्टाला पटलं तर स्थगिती मिळते. आपण तिला स्टे म्हणतो. तो मागावा लागतो आणि बहुतेक वेळा त्याची किंमतही मोजावी लागते.

कायदा असा का, याचा राग येण्याआधी एक मिनिट चुलतभावाच्या जागी उभे राहून बघा. त्यानं इतकी वर्षं तारखा केल्या. जिंकला. आता समोरच्यानं अपिलाचा कागद टाकला एवढ्यावर त्याचा निकाल गोठणार असेल, तर जिंकून त्याला मिळालं काय? 1872 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होते. दीडशे वर्षं झाली, फारसा फरक पडलेला नाही. पण आता वारं बदलतंय. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये बजावलं की दरखास्ती, म्हणजे निकाल अमलात आणायचे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा. त्यामुळं दरखास्त पडून राहील, चार-पाच वर्षं निघून जातील, या जुन्या भरवशावर बसू नका. आणि तुम्हाला नोटीस तरी आली. निकालापासून दोन वर्षांच्या आत दरखास्त दाखल झाली तर आधी नोटीस निघालीच पाहिजे असं बंधन नाही. कित्येकांच्या दारात थेट बेलीफच येतो.

आता तुमचे कागद. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेला पहिला फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. त्यावर 'नियमित दिवाणी अपील' असा नंबर नाही, 'किरकोळ दिवाणी अर्ज' असा आहे. म्हणजे तुमचं अपील अजून अपील झालेलंच नाही. ते मुदतीनंतर गेलंय, आणि सोबत उशीर माफीचा अर्ज आहे. कोर्टापुढं आज आहे तो हा अर्ज. अपिलाला नंबर पडायचा तो त्याच्यानंतर. उशीर माफ होऊन अपील ऐकायचं असं कोर्ट ठरवत नाही, तोवर स्टेची गाडी साधारणपणे पुढं सरकत नाही. बिनघोर राहा म्हणणाऱ्यांनी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. असो, वकिलाची उणीदुणी काढायला हे सदर नाही.

यात एक चांगली बातमी आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस. तुमच्या अर्जात लिहिलंय, 23 दिवस उशीर. पण निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते मुदतीतून वजा होतात. नकलेच्या पाठीमागचा शिक्का बघा: अर्ज 22 जुलैला, नक्कल तयार 5 ऑगस्टला. पंधरा दिवस झाले. तुमची मुदत 17 ऑगस्टला नाही, 1 सप्टेंबरला संपली. अपील दाखल झालं 9 सप्टेंबरला. उशीर 23 नाही, 8 दिवसांचा. तेवीस दिवसांना कारण सांगणं आणि आठ दिवसांना कारण सांगणं यात फरक आहे. तुम्हाला त्या काळात टायफॉईड होता म्हणता, तर दवाखान्याचे कागद लावा. वकिलांना सांगून अर्ज दुरुस्त करून घ्या आणि त्याच दिवशी कोर्टाला विनंती करा की बेलीफ दारात आहे, उशीर माफी आणि स्टे दोन्ही लवकर ऐका. त्याच वेळी तालुक्यात, जिथं दरखास्त चालू आहे, तिथंही अर्ज द्या: वर जिल्हा न्यायालयात स्टे मागितलाय, तेवढी थोडी मुदत द्या. मिळेलच असं नाही, पण अपिलाची आणि स्टे अर्जाची प्रत जोडली असेल, तर आठ-पंधरा दिवस पुष्कळदा मिळतात. कोऱ्या हातानं गेलात तर एक दिवसही मिळणार नाही.

(ज्यांचा निकाल नुकताच लागलाय आणि अपिलाची मुदत अजून संपलेली नाही, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. ज्या कोर्टानं निकाल दिला त्याच कोर्टाला अपील करेपर्यंत थांबा म्हणता येतं. निकाल ऐकल्यावर कोर्टाच्या आवारातच वकिलाला हे विचारा. एसटी पकडायची घाई करू नका.)

स्टे द्यायचा की नाही हे ठरवताना जिल्हा न्यायाधीश तीन गोष्टी बघतील. अर्ज विनाकारण उशिरा आणला का? तुम्ही हरलात तर निकाल पाळाल याची हमी काय? आणि स्टे न दिल्यास तुमचं मोठं नुकसान होणार आहे का? त्याशिवाय अपिलात दम आहे का, हेही ते मनात तोलतात. मोजणीवर तुम्ही खालच्या कोर्टात हरकत घेतली होती का, मोजणीदाराचा उलटतपास झाला का, हे मुद्दे अपिलात असतील तर स्टेच्या युक्तिवादातही ते पहिल्या पाच मिनिटांत आले पाहिजेत.

मोठं नुकसान हा तिसरा मुद्दा म्हणजे तुमच्या केसचा जीव, आणि नेमका तोच लोक वाया घालवतात. अर्जात छापील वाक्य असतं: 'अर्जदाराचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल.' न्यायाधीशांनी हे वाक्य हजार वेळा वाचलेलं असतं. त्यांच्यापुढं तुमची झाडं उभी करा. ई-पीक पाहणीत मोसंबी नोंदवली असेल तर तो सातबारा. विहिरीची नोंद. मोटरीचं वीजबिल तुमच्या नावावर आहे ते. ठिबकच्या पावत्या. बाकीची दोन एकर बाग त्याच विहिरीवर आहे हे दाखवणारा साधा हाती काढलेला नकाशा, विहीर, पाइपलाइन, बांध सगळं त्यात. कृषी खात्याच्या माणसाकडून झाडांची संख्या, वय आणि मूल्यांकन लिहून मिळालं तर उत्तम. झाडांचे फोटो काढा, पण जवळून एकेका फांदीचे नकोत, लांबून अख्ख्या रांगेचे.

यामागचं तर्कशास्त्र असं. उद्या तुम्ही अपील जिंकलात, तर गेलेला ताबा त्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली परत मागता येतो. कायद्यात त्याची सोय आहे. म्हणून 'ताबा जाईल' एवढंच म्हणालात तर समोरचा वकील उठून म्हणेल, जिंकले तर परत घेतील की. पण ताबा परत आला आणि झाडं तोडलेली असली, किंवा विहिरीचं पाणी तुटून दुसरीकडची दोन एकर बाग एका उन्हाळ्यात वाळून गेली, तर कलम 144 ला सोळा वर्षांचं झाड आणता येत नाही. हा फरक कोर्टाला पटवायचा. कोरडवाहू सोयाबीनचं रान असतं तर हा मुद्दा इतका जोरात मांडता आला नसता, हेही सांगून ठेवते.

पैशाचं गणित वेगळं आहे. तुमच्या निकालात दोन भाग आहेत, ताब्याचा आणि 2 लाख 40 हजारांचा. पैशाच्या हुकूमनाम्यात कोर्ट सहसा म्हणतं, रक्कम आधी कोर्टात जमा करा किंवा तेवढी हमी द्या, मग स्टे. कारण सरळ आहे. पैसे दिले-घेतले तर ते व्याजासकट परत करता येतात, त्यात भरून न येणारं काही नसतं. त्यामुळं पैशाच्या भागावर बिनशर्त स्टे मिळेल अशी आशा धरू नका. सगळे एकदम जमत नसतील तर अर्धे आता आणि अर्धे मोसंबीचा माल गेल्यावर असं लेखी मागा. आणि हे मागताना कोर्टाला गरिबी सांगून त्याच आठवड्यात दारात नवा ट्रॅक्टर उभा करू नका. हे मी पाहिलेलं आहे, समोरच्यानं फोटो काढून दाखल केला होता.

ताब्याच्या भागावर स्टे मिळाला तरी तो बहुधा अटींवर मिळेल. जमीन विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, झाडं तोडायची नाहीत, दरवर्षी उत्पन्नाचा हिशोब द्यायचा. कदाचित वहिवाटीपोटी दरसाल काही रक्कम कोर्टात भरायची. अपील चालू असताना जिंकलेल्या माणसाला असं काही तरी मिळत राहावं म्हणून अट घालण्याचा अधिकार अपील कोर्टाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2004 च्या एका घरमालक-भाडेकरू प्रकरणात स्पष्ट केलंय. माझं म्हणणं, कोर्टानं घालायच्या आधी या अटी तुम्हीच हमीपत्रात लिहून द्या. स्वतःहून हमी घेऊन आलेल्या माणसाकडं न्यायाधीश वेगळ्या नजरेनं बघतात. फक्त एक, पाळता येईल तेवढंच लिहून द्या. एक हप्ता चुकला तर समोरचा दुसऱ्या दिवशी स्टे उठवायचा अर्ज घेऊन उभा राहील.

मेव्हण्यांचा सल्ला. भाऊ, पाहुण्यांचा मान ठेवून सांगते, हे ऐकू नका. बेलीफ कोर्टाचा हुकूम घेऊन येतो. त्याला अडवलं तर तो पंचनामा करून परत जातो आणि पुढच्या खेपेला पोलीस बंदोबस्त घेऊन येतो. विनाकारण अडथळा करणाऱ्याला दिवाणी कोर्ट 30 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवू शकतं. वर पुन्हा तोच पंचनामा जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर जातो, आणि स्टे मागायला आलेला माणूस कोर्टाचा हुकूम मानत नाही असं चित्र तयार होतं. बेलीफ आलाच तर शांतपणे बोला, स्टे अर्जाची प्रत दाखवा, पंचनाम्यात 'झाडे 85, विहीर 1, मोटर चालू' हे लिहून घ्या आणि मग सही करा. आधी वाचायचं, मग सही. झाडं-विहीर त्या कागदात आली तर उद्या ताबा परत मागताना तोच कागद तुमचा साक्षीदार.

स्टे मिळाल्यावरची एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेली आहे. वकिलीचं दुसरं की तिसरं वर्ष. एका म्हाताऱ्या बाईच्या वाड्याचा खटला. दुपारी तीनला जिल्हा न्यायालयानं स्टे दिला. मी खूश होऊन कँटीनमध्ये चहा मागवला, नक्कल उद्या मिळेल म्हणून. चार वाजता गावात बेलीफानं कुलूप लावलं. त्याला स्टे झाल्याचं ठाऊकच नव्हतं, आणि स्टे लागू होतो तो खालच्या कोर्टाला कळल्यापासून. वाडा परत मिळवायला चौदा महिने गेले. बाईनं मला कधी बोल लावला नाही, त्यामुळं जास्त लागलं. तर, नकलेची वाट बघायची नसते. 41 व्या आदेशाच्या त्याच पाचव्या नियमाच्या स्पष्टीकरणात सोय आहे. स्टे झाल्याचं स्वतःच्या माहितीवरून सांगणारं तुमचं शपथपत्र खालच्या कोर्टात त्याच दिवशी दिलं, तर वरून हुकूम पोचेपर्यंत कोर्टानं त्यावर चालायचं असतं. जालन्याला स्टे मिळाला की तुम्ही स्वतः किंवा मुलगा तडक अंबडला निघा. फोनवर वकिलांना सांगून भागवू नका.

गावात हल्ली एक अफवा फिरते की स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो. ती अगदीच हवेतली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या एका निकालात तसं म्हटलं होतं. पण 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ते रद्द केलं. आता स्टे आपोआप उठत नाही. मात्र हुकुमातच 'पुढील तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असेल तर त्या तारखेला हजर राहून तो पुढं चालू ठेवून घ्यावा लागतो. सुरुवातीचा एकतर्फी स्टे बहुधा असाच असतो. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. अपील चालवायचंही तुमच्याकडं आहे. स्टे घेऊन तारखांना गैरहजर राहणाऱ्याचं अपील कोर्टानं काढून टाकलं की स्टेही जातो.

आणि नाहीच मिळाला तर? उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात रिट अर्ज करता येतो, पण तिथं जिल्हा न्यायाधीशांनी काही ढळढळीत चूक केली हे दाखवावं लागतं. त्या खर्चाआधी एक मधली वाट बघा. अंमलबजावणी थांबत नसेल, तर निदान चुलतभावाकडून हमी घ्या असं कोर्टाला म्हणता येतं. अपील उलटलं तर सगळं परत देईन, झाडं तोडणार नाही, अशी. तुमची भीती झाडांची आणि विहिरीची आहे ना? मग एवढ्यावरही बरंच काही वाचतं. खरं सांगायचं तर चुलतभाऊ 32 गुंठ्यांवरून अडून बसलाय की विहिरीवरून, हे तुम्ही पत्रात कुठंच लिहिलं नाही. अपिलातही तडजोड लिहून देता येते. विहीर सामाईक आणि पाण्याची पाळी ठरवून मिटलेल्या केसेस मी स्वतः लिहिल्यात. तुमचं दोघांचं बोलणं बंद असेल तर वहिनींचं असतं पुष्कळदा. बघा.

आता वहिनींचा प्रश्न, पैसे भरले म्हणजे हरलो का. नाही. कोर्टात भरलेली रक्कम म्हणजे चुलतभावाच्या हातात ठेवलेली रक्कम नव्हे. ती कोर्टाच्या नावावर राहते. बँकेत ठेव म्हणून ठेवावी असा अर्ज तुम्हीच द्या, म्हणजे व्याज मिळत राहील. चुलतभावाला ती काढायची असेल तर त्याला कोर्टाची परवानगी लागेल, आणि त्या वेळी त्याच्याकडून जामीन घ्या असं तुम्ही म्हणू शकता. अपील जिंकलात तर पैसे व्याजासकट तुमचे. भरल्यावर नाझरकडून, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून, जी पावती मिळेल ती मात्र मेव्हण्यांकडं देऊ नका. वहिनींच्याच हातात द्या ठेवायला.